छोट्या लेझर कटरची पॉवर किती ठेवावी आणि ती घरच्या घरी कशी मोजावी

आपण विचारलेली गोष्ट थोडक्यात अशी आहे. दारव्हा तालुक्यातल्या आपल्या गावी, ओसरीला लागून असलेल्या खोलीत, ४० वॉटचे म्हणून विकले जाणारे कार्बन डायऑक्साइड लेझर कटर आपण वापरता आणि त्यावर बांबूच्या व एमडीएफच्या (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीच्या) नेमप्लेट कापता. जानेवारीत ६० टक्क्यांवर ३ मिलिमीटरचा एमडीएफ आरपार कापला जात होता, आता मे महिन्यात ८५ टक्क्यांवरही तो खालच्या बाजूला चिकटून राहतो. एका परिचिताने टक्केवारी सरळ ९९ करायला सांगितले आहे, तर दुसऱ्याने किरण तयार करणाऱ्या काचेच्या ट्यूबच्या लाल तारेला मल्टिमीटर लावून करंट पाहायला सुचवले आहे.

दुसऱ्या सल्ल्याचे आधी बोलतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. त्या लाल तारेवर यंत्र चालू असताना साधारण १५ हजार व्होल्ट आणि ट्यूब पेटण्याच्या क्षणी त्याहूनही जास्त दाब असतो. आपल्याकडच्या दुकानांत मिळणारा मल्टिमीटर ६०० किंवा फार तर १००० व्होल्टांसाठी बनवलेला असतो. त्याच्या प्रोबवरचे प्लॅस्टिक हा दाब अडवू शकत नाही, आणि विजेला मीटरमधून जाण्यापेक्षा आपल्या हातातून जमिनीत जाणे सोपे वाटले तर ती तेच करते. कोणत्याही मोजमापासाठी लाल तारेला, तिच्या सांध्याला किंवा त्यावरच्या सिलिकॉनच्या टोपीला हात लावण्याची गरज पडत नाही. पुढे सांगितलेले सर्व काम परतीच्या तारेवर किंवा तारांपासून दूर, नुसत्या किरणावर करायचे आहे.

आता टक्केवारीबद्दल. पॅनेलवर दिसणारा आकडा म्हणजे पॉवर सप्लायला दिलेली मागणी आहे. ० ते ५ व्होल्टांचा एक लहानसा संकेत सप्लायकडे जातो, त्यानुसार सप्लाय ट्यूबमधून काही मिलिअँपिअर प्रवाह सोडतो, त्या प्रवाहातून काही वॉटचा किरण तयार होतो, तो तीन आरशांवरून आणि एका भिंगातून जाऊन मालावर पडतो. या साखळीतली कोणतीही कडी कमकुवत झाली तरी पॅनेलवरचा आकडा तोच राहतो. म्हणून ‘पॉवर किती ठेवू’ या प्रश्नाचे उत्तर टक्क्यांत देता येत नाही. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मीही दर आठवड्याला टक्केवारी थोडी थोडी वाढवत गेलो होतो. ऑगस्टमध्ये ट्यूब गेली, आणि ती बदलताना भिंग काढून पाहिले तर बांबूच्या धुराचा तपकिरी थर त्यावर बसलेला होता. कापूस आणि स्पिरिट घेऊन दहा मिनिटांत होणाऱ्या कामासाठी मी एक ट्यूब जाळली होती, हे त्या दिवशी कळले, आणि तेव्हापासून मोजल्याशिवाय मी नॉब फिरवत नाही.

पहिले साधन म्हणजे काट्याचा मिलिअँपिअर मीटर, डीसी, ० ते ३० पट्टीचा. नागपूर-अमरावतीच्या इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानांत तो मिळतो. डिजिटल मीटर घेऊ नका. हाय व्होल्टेजच्या ठिणग्यांनी तो बिघडतो आणि प्रवाह थरथरत असेल तर ते त्यावर नीट दिसतही नाही. हा मीटर ट्यूबच्या कॅथोडकडून, म्हणजे किरण बाहेर पडतो त्या टोकाकडून, सप्लायच्या ‘एल मायनस’ टर्मिनलकडे जाणाऱ्या तारेत बसवायचा असतो. ही परतीची तार यंत्राच्या अर्थशी जोडलेली असल्यामुळे सर्व काही ठीक असताना तिच्यावर नगण्य दाब असतो. यंत्र बंद करून, प्लग भिंतीतून काढून, किमान दहा मिनिटे थांबून ती तार टर्मिनलपासून सोडवा, मीटरच्या अधिक टोकाला जोडा, आणि मीटरच्या उणे टोकापासून नवी तार एल मायनसला न्या. सांधे नुसते पिळून सोडू नका, तारेच्या टोकांना लग (धातूच्या लहान कड्या) दाबून स्क्रूने घट्ट करा.

इथे एक धोका आहे आणि तो नीट समजून घ्यावा. ही परतीची तार कुठे तुटली किंवा मीटरची आतली गुंडाळी जळाली, तर प्रवाहाला वाट उरत नाही आणि जी तार क्षणापूर्वी निरुपद्रवी होती तिच्यावरच हजारो व्होल्ट चढतात. म्हणून मीटरच्या दोन टोकांमध्ये १ किलोओहमचा, २ वॉटचा रेझिस्टर समांतर जोडून ठेवावा. मीटरचा स्वतःचा रोध त्या मानाने फार कमी असल्याने वाचनात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, आणि मीटर निकामी झाला तरी प्रवाहाला मार्ग राहतो. मीटर लोखंडी पत्र्यात न बसवता ॲक्रिलिकच्या तुकड्यात बसवा आणि मागची टोके झाकून टाका.

मीटर बसला की झाकण बंद ठेवून, चाचणीचे बटण दाबून, टक्केवारी हळूहळू वाढवत वाचने वहीत लिहा. आपल्या यंत्रातली ट्यूब ७०० मिलिमीटर लांब आणि ५० मिलिमीटर जाड असेल, तर नावावर ४० वॉट असले तरी तिची खरी क्षमता ३० ते ३५ वॉटच असते. अशा ट्यूबमध्ये साधारण ४ मिलिअँपिअरच्या खाली किरण अडखळतो आणि १८ च्या पुढे प्रवाह वाढवला तर मालावर विशेष फरक पडत नाही, ट्यूब मात्र झपाट्याने म्हातारी होते. रोजच्या कामासाठी मी १५ ही वरची मर्यादा मानतो आणि बरेचसे काम १० ते १२ मध्ये भागवतो. आपल्या पॅनेलवर किती टक्क्यांना १५ मिलिअँपिअर येतात ते पाहा आणि तो आकडा रंगाने यंत्रावरच लिहून ठेवा. पुष्कळ यंत्रांत तो ६० ते ७० टक्क्यांच्या आसपासच येतो, म्हणजे ९९ टक्क्यांचा सल्ला ट्यूबच्या मुळावर येणारा आहे. कोरीवकाम चालू असताना दिसणारे वाचन ग्राह्य धरू नका, कारण तेव्हा किरण सतत चालू-बंद होत असतो आणि काटा फक्त सरासरी दाखवतो.

यानंतर प्रत्यक्ष वॉट मोजायचे. बाजारातले पॉवर मीटर महाग असतात, पण त्यातल्या साध्या प्रकाराचे तत्त्व इतके सोपे आहे की तो घरी बनवता येतो: किरण एका धातूच्या ठोकळ्यावर ठरावीक सेकंद पाडायचा, ठोकळा किती तापला ते पाहायचे, आणि त्यावरून दर सेकंदाला किती ऊर्जा आली ते काढायचे. लेथवाल्याकडून किंवा भंगारातून ४० बाय ४० बाय २५ मिलिमीटरच्या आसपासचा ॲल्युमिनियमचा ठोकळा घ्या. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्याचे वजन करा. ते ११० ग्रॅमच्या जवळपास भरेल. बाजूने मध्यापर्यंत एक बारीक छिद्र पाडून त्यात थर्मोकपलचे, म्हणजे तापमान मोजणाऱ्या तारेचे, टोक उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट लावून बसवा. तापमान दाखवणाऱ्या मल्टिमीटरसोबत येणारा के प्रकारचा थर्मोकपल चालतो, फक्त दशांश अंश दाखवणारे मीटर मिळाले तर अधिक बरे.

ठोकळ्याचा पुढचा चेहरा काळा करणे ही यातली सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. आपल्या लेझरचा किरण १०.६ मायक्रोमीटर तरंगलांबीचा असतो आणि उघडे चकचकीत ॲल्युमिनियम त्याला जवळजवळ पूर्णपणे परत फेकते. तसा ठोकळा ठेवला तर वाचन तर येणार नाहीच, उलट न दिसणारा किरण खोलीत कुठेही जाईल. चेहरा खडबडीत पॉलिश पेपरने घासा आणि त्यावर मोटरसायकलच्या सायलेन्सरला मारतात तो उष्णता सहन करणारा मॅट काळा रंग दोन पातळ हातांत द्या. कंदिलाची काजळीही किरण शोषते, पण ती पहिल्या काही सेकंदांतच उडून जाते, असे मी करून पाहिले आहे. ठोकळा कवेलूच्या तुकड्यावर उभा करावा, म्हणजे खालून उष्णता निसटत नाही आणि आग लागण्याजोगे काही जवळ राहत नाही. थर्मोकोलचा आधार देऊ नका.

मोजणी नेहमी न एकवटलेल्या किरणावर करायची, कारण भिंगाच्या केंद्राजवळ ठोकळा ठेवला तर रंग क्षणात जळतो. सुरुवात कापणाऱ्या डोक्याखाली करा. भिंग काढून बाजूला ठेवा, ठोकळा काळा चेहरा वर, किरणाकडे, करून डोक्याच्या बरोबर खाली सरकवा, झाकण बंद करा, सुरुवातीचे तापमान लिहा, १० मिलिअँपिअरवर मोबाइलच्या घड्याळाने मोजून २० सेकंद किरण सोडा. बंद केल्यावर पंधरा-वीस सेकंद थांबा, उष्णता ठोकळ्यात सारखी पसरू द्या, आणि सर्वांत वरचे वाचन लिहा.

हिशेब असा: ॲल्युमिनियमच्या १ ग्रॅमला १ अंश तापायला ०.९ ज्यूल लागतात. ठोकळा ११० ग्रॅमचा असेल तर दर अंशाला ९९ ज्यूल. समजा तापमान ३१.० वरून ३५.२ झाले, म्हणजे वाढ ४.२ अंश, ऊर्जा सुमारे ४१६ ज्यूल, आणि २० ने भागले की २०.८ वॉट. रंग सर्वच किरण शोषत नाही, थोडी उष्णता हवेत जाते, त्यामुळे खरा आकडा याहून थोडा जास्त असतो. त्याने आपले काम अडत नाही, कारण आपल्याला आजचा आकडा दोन महिन्यांपूर्वीच्या आकड्याशी आणि एका जागेचा दुसऱ्या जागेशी ताडून पाहायचा आहे. तीनदा मोजून मधले वाचन घ्या आणि दोन मोजण्यांमध्ये ठोकळा पुन्हा खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

मग हीच मोजणी त्याच प्रवाहावर पहिल्या आरशानंतर, म्हणजे किरण मुख्य कप्प्यात शिरतो तिथे करा. प्रत्येक चांगला आरसा एक-दोन टक्के किरण खातो, म्हणून पहिल्या जागी २२ वॉट आणि डोक्याखाली २०.८ वॉट येणे रास्त आहे. पण पहिल्या जागी २२ आणि डोक्याखाली १५ आले, तर ट्यूबमध्ये काही दोष नाही. मधले आरसे धुरकटले आहेत किंवा किरण डोक्याच्या छिद्राच्या कडेला घासून अर्धवट अडतो आहे. दोन्ही जागी आकडे चांगले असूनही माल कापला जात नसेल, तर भिंग, फोकसचे अंतर आणि हवेचा झोत यांच्याकडे वळा. या यंत्रांत बहुधा ५०.८ मिलिमीटरचे भिंग असते, त्याची फुगीर बाजू वर हवी, आणि मालाची उंची दोन मिलिमीटरने चुकली तरी ३ मिलिमीटरच्या एमडीएफवर फरक दिसतो. भिंग झिंक सेलेनाइडचे असते. ते आयसोप्रोपिल अल्कोहोलने, हलक्या हाताने पुसावे. ते तुटले तर तुकडे उघड्या हाताने उचलू नयेत आणि हात स्वच्छ धुवावेत, कारण त्याची भुकटी विषारी आहे.

आता पाणी, आणि मला वाटते आपल्या यंत्राची खरी अडचण इथेच आहे. बारामतीत जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये या लेझरचा शोध लावला. आजच्या ट्यूबमध्ये कार्बन डायऑक्साइडसोबत नायट्रोजन आणि हीलियम असतात: नायट्रोजन ऊर्जा पोचवतो आणि हीलियम उष्णता काचेच्या भिंतीकडे नेतो. भिंतच गरम असेल तर हीलियमचे काम अडते, खालच्या ऊर्जापातळीवर रेणूंची गर्दी होते आणि तेवढ्याच प्रवाहात कमी किरण निघतो. पाणी १५ ते २५ अंशांत ठेवावे असे म्हणतात ते यासाठी. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ४० अंशांच्या वर असते. १५ हजार व्होल्ट आणि १५ मिलिअँपिअर म्हणजे २२५ वॉट ट्यूबमध्ये जातात आणि त्यातले ३० वॉट बाहेर पडले तर उरलेले १९५ वॉट पाण्यात उतरतात. १० लिटरच्या बादलीचे पाणी त्यामुळे सलग तासाभरात १६ ते १७ अंशांनी तापते. दुपारी ३५ अंशांवर सुरू झालेले पाणी ५० च्या पुढे जाईल, आणि त्याआधीच ट्यूबला इजा होईल.

म्हणून मोजणीच्या वहीत प्रवाहाशेजारी पाण्याचे तापमान लिहिलेच पाहिजे. जानेवारीतले २० अंशांवरचे वाचन आणि मेमधले ३८ अंशांवरचे वाचन यांची तुलना होत नाही. उन्हाळ्यात काम पहाटे करावे, पाणी ३० ते ४० लिटर ठेवावे, आणि गोठवलेल्या बंद बाटल्या एकेक करून त्यात सोडाव्यात; एकदम चार सोडल्या तर काच तडकू शकते. पाण्याचे भांडे ओल्या गोणपाटात गुंडाळून पंख्याच्या झोतात ठेवले तर कोरड्या हवेमुळे ते माठासारखे बरेच अंश खाली येते. फक्त पंखा आणि रेडिएटर असलेला चिलर (पाणी थंड करण्याचे यंत्र) मात्र मे महिन्यात घेऊन उपयोग नाही, कारण तो पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. पावसाळ्यात उलटी काळजी घ्यावी लागते: आषाढ-श्रावणात आपल्याकडे हवेचा दवबिंदू २३-२४ अंशांच्या घरात असतो, तेव्हा पाणी १८ अंशांवर नेले तर ट्यूबवर आणि आरशांवर दव धरते. त्या दिवसांत २५-२६ अंश पुरे.

पाणी डिस्टिल्डच वापरा. बोअरचे पाणी वापरल्यास क्षार ट्यूबमध्ये बसतात, आणि त्याहून वाईट म्हणजे क्षारयुक्त पाणी वीज वाहून नेते. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाण पट्ट्यातून दुरुस्तीला आलेल्या एका यंत्रात बादलीतल्या पाण्याला बोट लावले की झिणझिण्या येत होत्या. अशा वेळी पाण्यात प्रवाह गळत असल्यामुळे मिलिअँपिअरचे वाचनही विश्वासाचे राहत नाही. पंप चालू असताना बादलीत हात घालण्याची सवय असेल तर ती आजच सोडा.

अर्थिंगबद्दल बोलल्याशिवाय हे उत्तर अपुरे राहील. गावाकडे बऱ्याच घरांत तिसरी पिन मोकळी असते, किंवा कोणीतरी ती न्यूट्रलला जोडून दिलेली असते. दोन्ही प्रकार या यंत्रासाठी घातक आहेत, कारण आपण मीटर बसवतो ती परतीची तार अर्थच्या भरवशावर निरुपद्रवी असते. स्वतंत्र रॉड गाडून घ्या आणि वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्या. तो ५ ओहमच्या आत असावा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोरडी पडते, तेव्हा पावसाळ्यात चांगला आलेला आकडा मेमध्ये बिघडतो. म्हणून अर्थच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे आणि मोजणी उन्हाळ्यातच करून घ्यावी.

वीज गेली की लेझरचा स्विच आणि मुख्य स्विच दोन्ही लगेच बंद करा. चाचणीचे बटण दाबून अडकलेले असेल आणि वीज अचानक आली, तर आपला हात झाकणाखाली असताना किरण सुटू शकतो. पंप आणि लेझर एकाच बोर्डावर घ्या, आणि पाणी थांबताच लेझर बंद करणारा फ्लो स्विच सप्लायच्या संरक्षण टर्मिनलवर बसवा. त्याच मार्गात झाकण उघडताच लेझर बंद करणारा मायक्रोस्विचही घाला, कारण स्वस्त यंत्रांत तो बहुधा नसतो. अर्ध्या वॉटच्या वरचा कोणताही लेझर चौथ्या, म्हणजे सर्वांत धोकादायक वर्गात मोडतो, आणि आपला त्याच्या साठपट आहे. हा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतो. १०६०० नॅनोमीटर असे छापलेला चष्माच लावा. निळ्या डायोड लेझरसोबत आलेला चष्मा यासाठी आहे असे समजू नका.

आपल्या खोलीबद्दल आपण एक ओळ लिहिली आहे की बाजूच्या कोपऱ्यात भाव येईपर्यंत कापूस ठेवलेला असतो. कृपया मोजणीचा ठोकळा हातात घेण्याआधी तो कापूस दुसऱ्या खोलीत हलवा. आरसा जुळवताना किंवा ठोकळा तिरका बसल्यास किरण बाहेर निघू शकतो, आणि कापसाच्या ढिगाला आत लागलेली आग बराच वेळ वरून दिसत नाही. पऱ्हाटी आणि कुटारही खिडकीच्या बाहेर टेकवून ठेवू नका, कारण धुराचा पाइप तिथूनच जात असेल.

आता आपल्या यंत्राचा क्रम. आधी भिंग आणि आरसे पुसा, पाणी बदलून २५ अंशांपर्यंत आणा, आणि मगच १० मिलिअँपिअरवर दोन्ही जागी वॉट मोजा. पहिल्या आरशानंतर १८ ते २२ वॉट येत असतील तर ट्यूब चांगली आहे आणि जानेवारीच्या वेगाने ११-१२ मिलिअँपिअरवर एमडीएफ कापला गेला पाहिजे. थंड पाण्यावरही १२ वॉटच्या खालीच वाचन येत असेल, तर ट्यूबमधला वायू संपत आला आहे. हीलियम काचेतून आणि सांध्यांतून निसटतच असतो, न वापरता ठेवलेली ट्यूबही त्यामुळे जुनी होते. तेव्हा प्रवाह १५ च्या वर नेऊन तिच्याकडून काम ओढत बसण्यापेक्षा वेग कमी करून हातातल्या ऑर्डर पूर्ण करा आणि नव्या ट्यूबचे पैसे बाजूला काढायला लागा. नवी ट्यूब बसवली त्याच दिवशी ४, ६, ८, १०, १२ आणि १५ मिलिअँपिअरवरची वाचने पाण्याच्या तापमानासह वहीच्या पहिल्या पानावर लिहा, आणि पुढे दर महिन्याला निदान १० मिलिअँपिअरचे एक वाचन त्याखाली लिहीत जा.